अंगणातून शाळेकडे : अनुताई वाघ यांचा बालशिक्षणविचार

प्रास्ताविक

जून महिन्यात शाळा उघडली की इयत्ता पहिलीच्या हजेरीपटावर नवी नावे चढतात. पहिल्या दिवशी मुले येतात. काही हसत, काही आईचा पदर घट्ट धरून. आठवडा लोटतो आणि दोन-चार नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा एका ओळीत दिसू लागतात. चौकशी केली तर उत्तरे ठरलेली असतात : मूल रडते, मूल बुजते, धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी कोणी नाही, गुरांमागे जावे लागते. ही उत्तरे ऐकून पालकांच्या अज्ञानाला अथवा मुलाच्या स्वभावाला दोष द्यावा आणि हजेरीपट मिटावा, हे सोपे आहे. परंतु ज्या मुलाचे नाव असे पहिल्या महिन्यातच मागे पडते, त्याचे पुढील सारे शिक्षण त्या चार आठवड्यांत पणाला लागलेले असते.

नेमकी हीच उत्तरे १९४५ सालानंतर ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी दोन शिक्षिकांच्या कानी पडली. एक ताराबाई मोडक आणि दुसऱ्या अनुताई वाघ. या उत्तरांकडे त्यांनी पालकांच्या सबबी म्हणून पाहिले नाही. आपली शाळा कोठे अपुरी पडते, हे सांगणारी ती माहिती आहे, असे त्यांनी मानले आणि त्या माहितीनुसार शाळा बदलली. ज्याला आज सारा देश ‘अंगणवाडी’ या नावाने ओळखतो, त्या कल्पनेचा उगम येथे आहे. प्रस्तुत लेखात मुख्यत्वे अनुताईंच्या विचाराचा परामर्श घेतला आहे. त्या स्वतः खेड्यातील प्राथमिक शिक्षिका होत्या. यास्तव त्यांचा विचार ग्रामीण शिक्षकांना परका वाटण्याचे कारण नाही.

ग्रामशिक्षिका ते बालशिक्षिका

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. त्या काळच्या रूढीप्रमाणे तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि अवघ्या काही महिन्यांत त्यांच्यावर वैधव्य ओढवले. घरच्यांच्या आधाराने त्यांनी शिक्षणाची वाट धरली. पुण्यात अध्यापिकेचे प्रशिक्षण घेऊन १९२९ पासून नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील खेड्यांत त्यांनी अध्यापन केले आणि पुढे पुण्याच्या हुजूरपागा शाळेत त्या शिक्षिका झाल्या. नोकरी सांभाळून रात्रीच्या शाळेत शिकत त्या मॅट्रिक झाल्या. बी. ए. ची पदवी तर त्यांनी वयाची पन्नाशी गाठल्यावर मिळविली. शिक्षकाने जन्मभर विद्यार्थी राहावे, हे वचन त्यांनी असे आचरणात आणले.

१९४५ साली बोरिवली येथील एका शिबिरात त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी भेट झाली. ताराबाई तेव्हा बालशिक्षणाच्या क्षेत्रात मान्यता पावलेल्या होत्या. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी काम केले होते. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ होत्या आणि १९३६ पासून दादरच्या शिशुविहाराची धुरा त्यांनी वाहिली होती. शहरातील हे यश मागे ठेवून त्यांनी खेड्यात जाण्याचे ठरविले, तेव्हा अनुताईही त्यांच्याबरोबर बोर्डीस गेल्या. प्रथम बोर्डी आणि पुढे तेथून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. १९७३ साली ताराबाई निवर्तल्या. त्यानंतर २७ सप्टेंबर १९९२ रोजी देहावसान होईपर्यंत अनुताईंनी ते चालविले. सत्तेचाळीस वर्षांची ही सलग साधना होय. कोसबाड ज्या डहाणू तालुक्यात आहे, तो १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.

विचाराचा वारसा

बालशिक्षणाचा विचार कोसबाडला अकस्मात उगवला नाही. जर्मनीतील फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी खेळांतून शिक्षण देणारी संस्था काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, असे नाव दिले. इटलीतील डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहराच्या सान लोरेंझो या वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. भावनगरला गिजुभाईंनी १९२० साली बालमंदिर सुरू केले व मॉन्टेसरी पद्धतीला भारतीय गाणी, गोष्टी आणि खेळ यांची जोड दिली.

यांतील एक गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानी घ्यावी. सान लोरेंझो ही श्रीमंतांची वस्ती नव्हती. तेथे मजुरी करून पोट भरणारी कुटुंबे राहत असत, आणि आईबाप कामावर गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठी ते बालगृह होते. पुढे मात्र या पद्धतीची साधने महाग झाली, तिच्यासाठी खास इमारती लागू लागल्या आणि आपल्या देशात ती बव्हंशी शहरातील सुखवस्तू घरांपुरती उरली. ताराबाई व अनुताई यांनी ती पुन्हा कष्टकऱ्यांच्या दारी नेली. म्हणजेच जेथून ती निघाली होती, तेथेच तिला आणून सोडले.

शाळेने मुलाकडे जावे

बोर्डीत बालवाडी निघाली, पण ज्यांच्यासाठी ती खरोखर हवी होती त्या हरिजन आणि आदिवासी वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. (‘हरिजन’ हा शब्द त्या काळच्या व्यवहारातील होय.) कारणे उघड होती. वस्ती गावापासून दूर; आईबाप पहाटे मजुरीस जाणारे; अंगावर धड कपडा नाही; आणि ज्या गावात शतकानुशतके दूर उभे राहण्याची सवय लावली गेली, त्या गावातील शाळेच्या ओटीवर चढण्याचे भय. वारली समाज त्या काळी जमीनदारांच्या वेठीने आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पत्कराव्या लागणाऱ्या लग्नगडी पद्धतीने पिचलेला होता. १९४५ साली या अन्यायाविरुद्ध वारल्यांनी मोठा लढाही उभारला होता. अशा समाजातील मुलाला केवळ निमंत्रण धाडून शाळा त्याची होत नसते.

तेव्हा बालवाडीच वस्तीत नेण्यात आली. झोपड्यांमधील एखादे अंगण झाडून घ्यावयाचे, तेथेच मुले जमवावयाची, त्यांची आंघोळ, वेणीफणी, गाणी, खेळ आणि गोष्टी, सारे तेथेच. आई कामावर निघताना मूल तिच्या डोळ्यांसमोर खेळत असे; आजी उंबऱ्यात बसून गाणी ऐकत असे. या अंगणातील बालवाडीला ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना आरंभिली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव लाभले.

या प्रयोगाचे मर्म जागेत नाही. अंगणात बसवूनही मुलाला ताटकळत ठेवता येते, आणि पक्क्या इमारतीतही त्याला घरचा जिव्हाळा देता येतो. मर्म हे की, पहिले पाऊल कोणी टाकावयाचे याचा निर्णय त्यात झाला आहे. पाच-सहा वर्षांचे मूल आणि प्रशिक्षित शिक्षक यांच्यामध्ये अंतर असेल, तर ते ओलांडण्याचे सामर्थ्य शिक्षकात अधिक आहे. म्हणून कर्तव्यही त्याचेच आहे.

अडचणीतून योजना

अनुताईंच्या कामाचा दुसरा विशेष असा की, मुलाची अडचण कळली की तिच्यावर उपदेश करण्याऐवजी त्या तिच्याभोवती योजना बांधीत.

मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे. आईने मजुरी सोडावी असे सांगण्यात अर्थ नाही. तसे केले तर घरची चूल थंडावेल. मग उपाय कोणता? कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची एकाच आवारात सांगड घालण्यात आली. मुलीने भावंडाला कडेवर घेऊनच यावे. तान्हे पाळणाघरात, त्याहून मोठे बालवाडीत आणि ती स्वतः आपल्या वर्गात. भावंड ही शिक्षणातील धोंड होती, तीच त्या मुलीला व धाकट्यालाही शाळेत आणणारी वाट झाली.

गुराखी मुलांची अडचण याहून बिकट. गुरे घरी ठेवता येत नाहीत आणि गुरांमागे गेलेले मूल दिवेलागणीशिवाय परतत नाही. म्हणून शिक्षकच कुरणात गेले. गुरे चरत असता झाडाच्या सावलीत मुले जमवून शिकविण्याचा हा प्रयोग ‘कुरणशाळा’ या नावाने प्रसिद्ध आहे. अशा शाळेत घंटा आणि तासिका यांना अर्थ नाही. गुरे पांगली की वर्ग पांगणार, हे गृहीत धरूनच धडा आखावा लागतो. परंतु तेथे अभ्यासाला विषयांचा तोटा नसतो. गवताच्या जाती, पाखरांचे आवाज, सावली आखडते व लांबते तिच्यावरून वेळेचा अंदाज, कळपातील गुरांची मोजदाद, हे ज्ञान गुराख्याजवळ आधीच असते. शिक्षकाने त्याला शब्द, आकडा आणि अक्षर यांची जोड द्यावयाची असते.

देह, स्वच्छता आणि मान

अंगणवाडीचा आरंभ पुस्तकाने होत नसे. तो पाण्याने होई. मुलांना न्हाऊ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे, खरूज झाली असेल तर औषध लावणे, ही कामे शिक्षिका स्वतः करीत. ज्या काळी या मुलांना शिवणेही अनेकांना निषिद्ध वाटे, त्या काळी शिक्षिकेचा हात त्यांच्या अंगाला लागणे, हाच त्यांच्या शिक्षणातील पहिला धडा होता. आपला देह तिरस्करणीय नाही, हे त्या स्पर्शाने मुलाला कळे.

येथे आजच्या शाळेतील एका नित्य प्रकाराचा विचार करणे योग्य होईल. परिपाठाच्या वेळी ओळीने नखे व कपडे तपासून, अस्वच्छ मुलाला सर्वांदेखत बाजूला उभे केले जाते. हेतू स्वच्छतेचा असतो. परंतु मूल शिकते ते लाजणे. ज्या घरी पाणी डोक्यावरून आणावे लागते, त्या घरच्या मुलाला ही शिक्षा त्याच्या दारिद्र्याबद्दल मिळते. त्यापेक्षा शाळेत एक नेलकटर, एक कंगवा, साबण आणि पाण्याची बादली ठेवावी. शिक्षकाने आपले हात मुलांबरोबर धुवावे. मध्यान्ह भोजनापूर्वीची ती पाच मिनिटे हा स्वच्छतेचा पाठ समजावा.

साधने हाताशी असतात

खेड्यातील शिक्षकांची नित्याची तक्रार अशी की, बालशिक्षणाची साधने महाग असतात. बोर्डी-कोसबाडने या तक्रारीला प्रत्यक्ष उत्तर दिले. समुद्रकाठचे शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, माती, बांबू यांतून तेथे साधने घडली. मात्र शिंपले गोळा केले म्हणजे साधन तयार झाले, असा समज होऊ नये. साधनामागील तत्त्व समजणे अगत्याचे आहे.

मॉन्टेसरी पद्धतीतील गुलाबी मनोऱ्याचे उदाहरण घेऊ. त्यात दहा घन असतात; सर्वांत लहान १ सेंटिमीटरचा व सर्वांत मोठा १० सेंटिमीटरचा. सर्वांचा रंग एक, आकार एक. भेद केवळ लहानमोठेपणाचा. त्यामुळे मुलाचे लक्ष एकाच गुणावर खिळते. दुसरे असे की, मनोरा रचताना चूक झाली तर ती मुलाला स्वतःच दिसते. शिक्षकाने ‘चुकले’ म्हणण्याची गरज पडत नाही. एका वेळी एक गुण, आणि चूक साधनानेच दाखविणे, ही ती दोन तत्त्वे होत.

आता ही तत्त्वे खेड्यात लावून पाहावी. नारळाच्या लहानमोठ्या पाच करवंट्या घासून गुळगुळीत केल्या की त्या एकात एक बसतात. क्रम चुकला तर शेवटची करवंटी बाहेर उरते. घरोघरच्या एकात एक बसणाऱ्या डब्यांचेही तसेच. रिकाम्या काडेपेट्यांच्या जोड्या कराव्या. एका जोडीत वाळू, दुसरीत तांदूळ, तिसरीत खडे भरून त्या चिकटवून टाकाव्या व कानाशी हलवून सारख्या आवाजाची जोडी शोधण्यास सांगावे. चिंचोक्यांच्या दहा-दहाच्या राशी केल्या की संख्याज्ञानाचा पाया घातला जातो. पाच चिंचोके समोर ठेवून पाच मुलांना एकेक वाटावयास लावणे, हे पाचाचा अंक पन्नास वेळा गिरविण्याहून अधिक मोलाचे आहे. कारण वाटताना मूल एकास एक जोडते, आणि मोजणे म्हणजे मुळात हेच.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. गुंज, एरंड आणि धोत्रा यांच्या बिया विषारी असतात. त्या दिसावयास कितीही सुंदर असल्या तरी वर्गात आणू नयेत. अगदी बारीक बिया व मणी मुले नाकात वा कानात घालतात. म्हणून लहानांच्या हाती मोठ्या बिया द्याव्या आणि खेळ संपताच मोजून परत घ्याव्या. मोजून परत घेणे हाही एक धडाच होतो.

घरची भाषा

वारली मूल शाळेत येते तेव्हा ते मुके नसते. त्याच्याजवळ आपली बोली असते, तारप्याच्या सुरावर धरलेल्या नाचाची लय असते, झाडापाखरांची नावे असतात. ग्रंथातील मराठी त्याला परकी असते, इतकेच. हीच स्थिती कोकणातील, खानदेशातील, वऱ्हाडातील मुलाची. समजा, एखाद्या वर्गात मालवणी मूल ‘कोठे’ याऐवजी ‘खंय’ म्हणाले किंवा मुलीला ‘चेडू’ म्हणाले आणि वर्ग हसला. शिक्षकही हसला, तर त्या मुलाच्या तोंडाला त्या दिवशी कुलूप बसते. ते उघडण्यास कित्येक महिने लागतात.

बालशिक्षणात बोलणे हे वाचनाच्या आधी येते. जे शब्द मुलाच्या तोंडी नाहीत, ते त्याने वाचले तरी त्यातून अर्थ निघत नाही. यास्तव पहिले काही आठवडे शिक्षकाने मुलाची बोली ऐकावी, तीतील नित्याचे पन्नास-साठ शब्द वहीत टिपून घ्यावे आणि त्यांच्याशेजारी प्रमाण मराठीतील शब्द लिहावे. मुलाच्या शब्दाला ‘चूक’ म्हणू नये. ‘तुझ्या घरी असे म्हणतात, पुस्तकात असे लिहितात’ एवढेच सांगावे. गावातील आजीला बोलावून तिची गोष्ट तिच्याच बोलीत ऐकवावी. ज्या शाळेत आपली आजी बोलते, ती शाळा मुलाला परकी वाटत नाही.

स्वातंत्र्य आणि शिस्त

मुलांना स्वातंत्र्य द्यावे, असे म्हटले की अनेक शिक्षकांना वर्गातील गोंगाट डोळ्यांसमोर दिसतो. येथे स्वातंत्र्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. हवे ते करण्याची मोकळीक म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. काम निवडण्याची, ते आपल्या गतीने पुरे करण्याची आणि पुरे झाल्यावर साधन जागच्या जागी ठेवण्याची मुभा, हे बालवाडीतील स्वातंत्र्य होय. साधन परत ठेवणे हा त्यातील अटळ भाग आहे. कारण दुसऱ्या मुलाला ते लागणार आहे. येथेच शिस्तीचा जन्म होतो.

लहान मुले उनाडतात ती बहुधा हाताला काम नसल्यामुळे. पाठ सरळ, हाताची घडी, तोंडावर बोट, अशी बसविलेली मुले शांत दिसतात. परंतु त्या शांततेत काही घडत नसते. मातीचे बैल करण्यात गुंगलेली दहा मुले कुजबुजतात, हलतात, माती मागतात. तरी त्या वर्गात खरी शिस्त असते. छडीचा प्रश्न तर आता कायद्यानेही निकालात निघाला आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. कायदा हातातील छडी काढून घेऊ शकतो. त्या हाती काय द्यावयाचे, हे बालशिक्षणाचा विचार सांगतो.

अक्षरांची घाई

पालकांची अपेक्षा अशी असते की, मूल शाळेत गेले की महिन्याभरात त्याने पाटीवर नाव लिहून दाखवावे. या अपेक्षेपुढे पुष्कळ शिक्षक नमतात. ज्या बोटांनी अद्याप मणी ओवलेले नाहीत, मातीचा गोळा वळलेला नाही, त्या बोटांत पेन्सिल देऊन पाने भरून घेतली जातात. बोटे दुखतात, अक्षर बिघडते आणि लिहिणे म्हणजे शिक्षा, असे समीकरण मनात पक्के होते.

अक्षरापूर्वी हात, डोळा आणि कान यांची तयारी व्हावी लागते. हातासाठी ओवणे, कातरणे, रांगोळीचे ठिपके जोडणे, वाळूत बोटाने रेघा ओढणे. डोळ्यासाठी सारखे व वेगळे ओळखणे. कानासाठी शब्दाचा पहिला आवाज ओळखण्याचे खेळ : कमळ, काडी, कोंबडी यांच्या आरंभी कोणता आवाज येतो? इतकी तयारी झाल्यावर अक्षरे झपाट्याने येतात. मराठी शाळांतून ग, म, भ, न या अक्षरांनी आरंभ करण्याची जी रीत आहे, तिच्यामागेही हेच शहाणपण आहे. त्यांच्या आकारांत साम्य असल्याने एकाचा सराव दुसऱ्याच्या कामी येतो. त्यात मुलाच्या स्वतःच्या नावातील अक्षराची भर घालावी. स्वतःचे नाव ओळखता आले, की मूल वाचनाला आपले मानू लागते.

ही सबुरी म्हणजे दिरंगाई नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने वयाच्या तिसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंतचा काळ एकच पायाभूत टप्पा मानला असून, अंगणवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरीची दोन वर्षे त्यात एकत्र गुंफली आहेत. कोसबाडच्या आवारात बालवाडी आणि पहिलीचा वर्ग शेजारी होते, त्यामागील विचार आता राष्ट्रीय धोरणातही दिसतो.

पहिल्या चार आठवड्यांची आखणी

या सर्व विवेचनाचा वर्गात उपयोग व्हावा, म्हणून पुढील आखणी सुचविली आहे. स्थानिक परिस्थितीनुसार शिक्षकांनी तीत फेरफार करावा.

शाळा उघडण्यापूर्वी : गावातील अंगणवाडीस दोन वेळा तरी भेट द्यावी. सेविकाताईंकडून प्रत्येक मुलाचे घरगुती नाव, आवडता खेळ, आजारपण आणि भय यांची माहिती घ्यावी. शक्य तितक्या घरी जाऊन यावे. शाळा मुलाकडे जाते, ती या पावलांनी.

पहिला आठवडा : पुस्तक उघडू नये. गाणी, फेर, गोष्टी आणि शाळेची ओळख, एवढेच असावे. पाणी कोठे, स्वच्छतागृह कोठे, रडू आले तर कोणाकडे जावयाचे, हे मुलाला कळले पाहिजे. आई किंवा आजी वर्गात बसू इच्छीत असेल, तर बसू द्यावी.

दुसरा आठवडा : माती, बिया, करवंट्या, काडेपेट्या यांचे चार कोपरे करावे. मुलांनी आळीपाळीने कोपरे बदलावे. या वेळी शिक्षकाने कमी बोलावे व अधिक पाहावे. रोज पाच मुलांविषयी एकेक ओळ वहीत लिहावी.

तिसरा आठवडा : घरच्या बोलीतील संभाषण, चित्रे पाहून सांगणे, ध्वनींचे खेळ. वाटणे, जुळविणे, लहानमोठे लावणे.

चौथा आठवडा : वाळूत अक्षरे, नावाची चिठ्ठी ओळखणे, पहिली चार अक्षरे. महिन्याच्या अखेरीस पालकांना बोलावून मुलांची कामे मांडून दाखवावी. पाने भरलेली नसली तरी मूल काय शिकले, हे त्यांना डोळ्यांनी दिसावे.

गैरहजर मुलाच्या नावापुढे खूण करताना कारण नोंदविण्याची सवय लावून घ्यावी. सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी चौथ्या दिवशी शिक्षकाने जावे, आणि जाब न विचारता केवळ मुलाला भेटून यावे.

काही आक्षेप

एका शिक्षकाकडे दोन वर्ग असतील, तर हे कसे साधावे, हा प्रश्न रास्त आहे. तेथे मोठ्या मुलांचे साहाय्य घ्यावे. तिसरी-चौथीच्या मुलाने पहिलीच्या मुलाला गोष्ट सांगणे हा दोघांचाही अभ्यास होतो. दिवसातील पहिला पाऊण तास तरी लहानांसाठी राखून ठेवावा आणि त्या वेळी मोठ्यांना स्वयंअध्ययन द्यावे.

दुसरा आक्षेप असा की, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांपुढे शाळेचा उपाय चालत नाही. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर निघाले की मूलही जाते. ही अडचण एकट्या शिक्षकाच्या हातची नाही, हे मान्य केले पाहिजे. तीसाठी हंगामी वसतिगृहे व शासनाच्या इतर योजना लागतात. तथापि जून ते दिवाळी या पाच महिन्यांत ज्या मुलाला शाळेची गोडी लागली, ते परतल्यावर पुन्हा शाळेच्या दाराशी येण्याची आशा अधिक. आणि ज्याला त्या काळात केवळ भय वाटले, त्याला परतून येण्याचे कारणच उरत नाही.

समारोप

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री देऊन राष्ट्राने त्यांच्या कार्याचा गौरव केला. परंतु त्यांच्या विचाराची खरी कसोटी गावोगावच्या पहिलीच्या वर्गात लागते. मूल शाळेस पात्र आहे काय, असा प्रश्न शाळा फार दिवस विचारीत आली. शाळा या मुलास पात्र आहे काय, असा प्रश्न अनुताईंनी जन्मभर स्वतःला विचारला व त्याचे उत्तर अंगणात, कुरणात आणि टेकडीवर शोधले. हजेरीपटावर रिकाम्या राहिलेल्या चौकटीकडे पाहून जो शिक्षक हाच प्रश्न स्वतःला विचारील आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाच्या घराकडे वळेल, त्याने हे बालशिक्षण आत्मसात केले, असे समजावे.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील सतत गैरहजर राहणाऱ्या तीन मुलांची कारणे लिहा. त्यांतील कोणत्या कारणांवर शाळेला आपली रीत बदलून उपाय करता येईल?

२. ‘एका वेळी एक गुण, आणि चूक साधनानेच दाखविणे’ या दोन तत्त्वांनुसार आपल्या गावी मिळणाऱ्या वस्तूंपासून तीन साधने तयार करा व केंद्रसंमेलनात मांडा.

३. आपल्या गावच्या बोलीतील नित्याचे पन्नास शब्द टिपून त्यांचा पहिलीच्या वर्गात कसा उपयोग कराल, ते सविस्तर लिहा.

४. गावातील अंगणवाडी सेविकेशी चर्चा करून, अंगणवाडीतून पहिलीत येणाऱ्या मुलाच्या वाटेतील अडचणींची यादी करा.